स्वच्छमंडलाचे छिद्र : कोणती शस्त्रक्रिया, केव्हा आणि का?

आमच्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहणारी बहुसंख्य मुले भातशेती, मासेमारी, मिठागरे आणि वीटभट्ट्या यांवर राबणाऱ्या घरांतून येतात. दिवाळीच्या सुटीत ती घरी जातात, तेव्हा रायगडच्या खारेपाटात भाताची कापणी व झोडणी चालू असते, आणि घरी आलेले मूल खळ्यावर जाणार हे ओघानेच आले. काही वर्षांपूर्वी अशाच एका सुटीनंतर नववीतील एक विद्यार्थी उजवा डोळा लाल घेऊन परतला. झोडणीच्या वेळी डोळ्यात कुसळ गेले होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने ते जिभेच्या टोकाने काढले. पुढे औषधाच्या दुकानातून थेंब आणले गेले आणि दोन दिवस बरे वाटले. आम्ही त्यास डोळे आले असावेत असे समजून त्याचे अंथरूण वेगळे केले व गार पाण्याच्या घड्या ठेवावयास सांगितले. पाचव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग दिसू लागला. ते चार दिवस आमच्या नावावर आहेत.

त्यानंतर त्या मुलाबरोबर रुग्णालयाच्या ज्या फेऱ्या झाल्या, त्यांत डॉक्टरांना जे विचारले आणि पुढे जे वाचून समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांसमोर व सहकारी शिक्षकांसमोर ठेवीत आहोत. आम्ही इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे. म्हणून येथे उपचार सांगण्याचा हेतू नाही. डॉक्टर एका मुलाच्या डोळ्यात चिकटद्रव्य घालतात, दुसऱ्याला टाके घालतात आणि तिसऱ्याला मुंबईस पाठवतात, तेव्हा त्यामागील विचार कळावा एवढाच हेतू आहे. तो न कळल्यामुळे “आमच्या मुलावर कमी दर्जाचा इलाज केला” असा समज पालकांचा होतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेप्रमाणे बसवलेले जे पारदर्शक पटल असते, त्यास स्वच्छमंडल किंवा रूढ शब्दात कॉर्निया म्हणतात. त्याचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी अवघी अर्धा मिलिमीटर असते. ते पारदर्शक राहावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू त्यास अश्रूंतून मिळतो. या रचनेचा लाभ दृष्टीस होतो आणि तोटा जखमेस होतो, कारण रक्त पोहोचत नाही तेथे जखम सावकाश भरते. कुसळाने वरचा पातळ थर खरवडला की जंतूंना किंवा बुरशीला वाट मिळते. मग व्रण होतो. त्या व्रणाशी लढण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी जे पाचक रस सोडतात, त्यांनी जंतूंबरोबर पटलाचे तंतूही विरघळू लागतात, आणि पटल झिजत झिजत एके ठिकाणी फुटते. आतील पाणी बाहेर येते व त्याबरोबर मागचा रंगीत पडदा, म्हणजे कनीनिका, पुढे सरकून त्या भोकात अडकते. रुग्णास एकाएकी डोळ्यातून कोमट पाणी वाहिल्यासारखे वाटते. कधी ठणका कमी होतो आणि घरचे समजतात की आराम पडला. बाहुली गोल न राहता थेंबासारखी लांबट दिसली, तर ते छिद्राचे लक्षण समजावे.

भाताच्या प्रदेशात या व्रणांत बुरशीचा वाटा मोठा असतो. तमिळनाडूतील मदुराईच्या परिसरात झालेल्या एका पाहणीत, ज्या व्रणांत रोगकारक सापडला त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत तो बुरशीचा होता. दुकानातून मिळणाऱ्या, लाली झटपट घालवणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. ते लाली घालवते आणि बुरशीला मोकळे रान देते. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले असावे असे डॉक्टरांचे मत पडले. बुरशीवरील नाटामायसिन हे जुने व स्वस्त औषध व्होरिकोनॅझोल या नव्या व महाग औषधापेक्षा सरस ठरल्याचे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. नाटामायसिन मिळालेल्या रुग्णांत पटल फुटण्याचे प्रमाणही कमी होते. महाग ते चांगले, हा आपल्या लोकांचा समज येथे तरी खरा ठरत नाही.

आता छिद्र पडलेच, तर काय? प्रथम जे करू नये ते सांगतो. डोळा दाबू नये, चोळू नये, त्यात मलम, मध, दूध किंवा झाडपाल्याचा रस घालू नये, आणि काही रुतलेले असल्यास ते उपसू नये. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये, आणि निघावे.

रुग्णालयात डॉक्टर प्रथम छिद्राचा आकार पाहतात. नंतर ते कशामुळे पडले, मध्यभागी आहे की कडेला, आणि भोवतीचा भाग धड आहे की कुजलेला, हे पाहतात. शस्त्रक्रियांची सारी तुलना या प्रश्नांभोवती फिरते. विळ्याने, मासेमारीच्या गळाने किंवा फटाक्याच्या तुकड्याने पटल फाटले असेल, तर कडा ताज्या व मजबूत असतात. तेथे केसाहूनही बारीक अशा नायलॉनच्या धाग्याने टाके घालणे हाच सरळ मार्ग आहे. व्रणाने झिजून पडलेल्या भोकास मात्र टाका चालत नाही. विरलेल्या लुगड्यास टाका घातला की तो कापड फाडूनच बाहेर येतो, तसे होते.

झिजून पडलेले छिद्र लहान असेल, साधारण दोन-तीन मिलिमीटरपर्यंत, तर चिकटद्रव्य वापरतात. सायनोअॅक्रिलेट हे त्या द्रव्याचे नाव. घराघरांत जो झटपट चिकटवणारा डिंक असतो, त्याच कुळातील हे वैद्यकीय द्रव्य आहे (दोन्ही एकच समजून घरचा डिंक कोणी डोळ्याजवळ नेऊ नये, तो डोळ्यास घातक आहे). स्वच्छमंडलाच्या छिद्रावर त्याचा उपयोग १९६८ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. छिद्राभोवतीचा मृत थर खरवडून, जागा कोरडी करून त्यावर एक बारीक थेंब ठेवतात. तो क्षणात घट्ट होतो. वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात, नाहीतर पापणी त्या खरखरीत खपलीवर घासते. हे द्रव्य काही जंतूंना मारते आणि पटल विरघळवणाऱ्या पेशींना जखमेपासून दूर ठेवते. खर्च कमी, वेळ कमी, आणि दात्याच्या डोळ्याची वाट पाहावी लागत नाही. उणीव अशी की ते परके व कठीण असते. त्याभोवती दाह होतो, दाहाबरोबर रक्तवाहिन्या पटलात शिरतात, आणि पुढे कधी नेत्ररोपण करावयाचे झाल्यास याच रक्तवाहिन्या नवे पटल नाकारले जाण्याचा धोका वाढवतात.

दुसरे चिकटद्रव्य फायब्रिनचे. रक्त गोठताना जे प्रथिन तयार होते, तेच दोन बाटल्यांतील द्रव एकत्र करून जखमेवर तयार करावयाचे, अशी ही कल्पना आहे. ते मऊ असते व काही दिवसांत आपोआप विरते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी तीन मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांवर या दोन द्रव्यांची तुलना करून ती २००३ साली प्रसिद्ध केली. छिद्र बुजवण्यात दोन्ही उपयोगी ठरली. फायब्रिनने जखम लवकर भरली आणि रक्तवाहिन्या कमी वाढल्या. मग सर्वत्र फायब्रिनच का वापरीत नाहीत? कारण ते महाग, मानवी रक्तापासून केलेले, घट्ट होण्यास मंद, आणि झीज चालूच असेल तर लवकर हार खाणारे आहे. आमच्या विद्यार्थ्याचे छिद्र सुमारे दोन मिलिमीटरचे होते आणि बुरशी अजून जिवंत होती. त्यास सायनोअॅक्रिलेट लावले गेले. “डॉक्टरांनी डोळा डिंकाने चिकटवला” असे त्याच्या वडिलांनी गावी सांगितले, तेव्हा लोक हसले. आम्हांस ते हसू बोचले, कारण त्या डिंकानेच त्या आठवड्यात डोळा वाचला होता.

याशिवाय गर्भाच्या पिशवीचे पातळ पटल वापरण्याची रीत आहे. सिझेरियन प्रसूतीनंतर वारेबरोबर जे फेकून द्यावयाचे, त्यातील आतला पारदर्शक थर काढून, तपासून, निर्जंतुक करून साठवतात. तो दाह शमवतो व वरचा थर भरून येण्यास मदत करतो. उथळ झिजेवर किंवा अगदी लहान छिद्रावर त्याच्या अनेक घड्या एकावर एक बसवतात. त्यात बळ मात्र नाही. मोठ्या भोकावर तो टिकत नाही. टेनॉन कलम ही रीत आमच्यासारख्या भागास विशेष उपयोगी वाटते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जे पातळ आवरण असते, त्याखालील तंतुमय थराचा तुकडा रुग्णाच्याच डोळ्यातून काढून छिद्रात बसवतात. तीन ते पाच मिलिमीटरच्या छिद्रास ते पुरते. स्वतःचेच ऊतक असल्याने शरीर ते नाकारत नाही, दाता लागत नाही, ऊतकाचा खर्चही नाही. भारतीय रुग्णालयांत अलीकडे या रीतीकडे लक्ष गेले, त्याचे कारण उघड आहे : येथे दात्याचे पटल हवे तेव्हा मिळत नाही. त्या जागी पांढरा वण राहतो हे खरे. पण वण राहिलेला डोळा आणि काढून टाकलेला डोळा यांत पुष्कळ अंतर आहे.

छिद्र याहून मोठे असेल, किंवा बुरशी पटलभर पसरली असेल, तर वरील कोणताही उपाय पुरत नाही. मग रोगट भाग वर्तुळाकार पात्याने, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह कापून काढावयाचा आणि मृत दात्याचे पटल तेथे शिवावयाचे. कोकणात आंब्याचे कलम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मुलांना आम्ही तोच दाखला देतो. परंतु या तातडीच्या कलमाचा उद्देश दृष्टी देणे हा नसतो. रोग काढणे आणि डोळ्याचा गोळा शाबूत ठेवणे, एवढेच तेव्हा साधावयाचे असते. दाह पेटलेल्या डोळ्यात बसवलेले मोठे कलम बहुधा काही महिन्यांत धुरकट होते. बुरशी परत येऊ शकते. डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. कलम नाकारले जाऊ नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब लागतात, पण बुरशीचा संशय असेपर्यंत तेच थेंब देता येत नाहीत. ज्या थेंबाने आपला डोळा बिघडला तोच आता औषध कसा, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्याने डॉक्टरांना विचारला होता. त्याचे उत्तर देण्यास डॉक्टरांनी अर्धा तास घेतला, याची आम्ही आदराने नोंद करतो.

खरी दृष्टी देणारे दुसरे रोपण डोळा शांत झाल्यावर, बहुधा सहा महिने ते वर्षभराने करतात. म्हणजे एकाच डोळ्यासाठी दोन दात्यांची गरज पडू शकते. तातडीच्या पहिल्या कलमास मात्र उत्तम पटलच हवे असे नाही. ग्लिसरीनमध्ये साठवलेले, पेशी मेलेले पटलही भोक बुजवण्यास चालते, आणि ते महिनोन्‌महिने ठेवता येते. ताजे पटल साध्या द्रवात चार दिवस आणि सुधारलेल्या द्रवात चौदा दिवसांपर्यंत टिकते; असा एक सुधारलेला द्रव मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये तयार होतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास आमच्या विषयाशी जवळचा आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या डोळ्याचे पहिले यशस्वी पटलरोपण केले. रुग्ण अलोइस ग्लोगार हा मजूर होता. चुना विरवताना दोन्ही डोळे भाजून तो आंधळा झाला होता. दात्री एखादी संस्था नव्हती. लोखंडाचा तुकडा शिरल्याने ज्याचा डोळा काढावा लागला, अशा एका अकरा वर्षांच्या मुलाचे ते पटल होते. ग्लोगारच्या दोन डोळ्यांपैकी एकाचे कलम टिकले आणि तो पुन्हा कामावर गेला. मृत व्यक्तीचे पटल वापरण्याची रीत पुढे १९३० नंतरच्या काळात ओडेसा येथे फिलातोव्ह यांनी रूढ केली. भारतात १९४५ साली मद्रास येथे डॉ. मुथय्या यांनी पहिली नेत्रपेढी काढली, आणि आपल्या जुन्या मुंबई राज्याने १९५७ साली नेत्रपटल रोपणासाठी स्वतंत्र कायदा केला.

ग्लोगारला आंधळा करणारा चुना आपल्या घरात आजही आहे. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या लहान पुड्या व नळ्या मुले खेळण्यास घेतात. त्या दाबताच चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्याने भाजलेले पटल नंतर कित्येक दिवस विरघळत राहते व फुटते. त्या वेळी रुग्णालय शोधण्यापूर्वी पाणी शोधावे. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास डोळा धुवावा, पापणीखालचे चुन्याचे कण ओल्या कापसाने पुसून काढावेत, आणि मग निघावे.

या रोगाने कोणाचे डोळे जातात, हेही पाहावे. भात झोडणाऱ्यांचे, राबासाठी टहाळ तोडणाऱ्यांचे, जाळी ओढणाऱ्यांचे. याच खारेपाटात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला; १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळाच्या पदरी पिकाचा किती वाटा पडावा यासाठी ते लढे झाले. त्याच पिकाच्या कुसळाने कुळाचा डोळा जात असे, याची नोंद मात्र आम्ही वाचलेल्या कागदपत्रांत कोठे आढळली नाही.

वेळेचा हिशेब नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासाने मांडला आहे. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. पटल खरवडलेल्या लोकांना गावातीलच आरोग्य सेवकांनी प्रतिजैविक मलम तीन दिवस दिले. जे २८४ लोक अठरा तासांच्या आत आले, त्यांच्यापैकी एकासही व्रण झाला नाही. जे एक दिवस उलटल्यावर, पण दोन दिवसांच्या आत आले, अशा ४९ जणांपैकी १४ जणांस झाला. नंतर नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत गावोगावच्या व्रणांची संख्या अशा योजनेने घटल्याचे दिसले नाही, तेव्हा मलम हा हमखास उपाय मानू नये. परंतु लवकर येणाऱ्याचा डोळा वाचण्याची शक्यता अधिक, यात कोणाचे दुमत नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याकडील मनुष्य पनवेल किंवा मुंबईस पोहोचेपर्यंत एक दिवस सहज जातो. पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी नेत्रसंस्था असल्याने पूर्वीप्रमाणे प्रत्येकास मुंबई गाठावी लागत नाही, हा मोठा फरक आहे.

राहिला दात्याचा प्रश्न. वर सांगितलेल्या निवडींपैकी अर्ध्याअधिक निवडी पटलाच्या तुटवड्याने ठरतात. श्रीलंकेत १९६१ साली डॉ. हडसन सिल्वा यांनी नेत्रदान संस्था स्थापन केली. त्या लहानशा बौद्ध देशाने स्वतःची गरज भागवून इतर देशांना पटले पाठवली. तेथे शिबी राजाने आपले डोळे याचकास दिल्याची जातककथा लोकांना परिचित आहे. कथेतील चमत्काराशी आम्हांस कर्तव्य नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दान पारमितेचा अर्थ सांगताना संपत्तीबरोबर रक्त, अवयव आणि प्राणही त्यात धरले आहेत, व परतफेडीची अपेक्षा नसावी असे म्हटले आहे, तेवढे आम्हांस पुरे. पुढच्या जन्मी आंधळे जन्मावे लागेल या भीतीने नेत्रदान नाकारणारे लोक आमच्या वस्तीतही आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही भीती कशी राहिली, असे आम्ही त्यांना तोंडावर विचारतो.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते. कोणत्याही वयाच्या, चष्मा असलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे पटल चालू शकते; एचआयव्ही, कावीळ ब, रेबीज यांसारखे आजार असल्यास नाही. पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि नेत्रपेढीस कळवावे. चेहरा विद्रूप होत नाही. प्रतिज्ञापत्र भरलेले नसले तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने दान करता येते. भरलेले असूनही घरच्यांनी ऐन वेळी नकार दिल्यास ते होत नाही, म्हणून घरात आधी बोलून ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्याचे चिकटद्रव्य तीन आठवड्यांनी निखळले आणि छिद्र पुन्हा वाहू लागले. तातडीचे कलम करावे लागले; ते अपेक्षेप्रमाणे धुरकट झाले. दुसरे रोपण पुढच्या वर्षी, पावसाळ्यात झाले. पटल आल्याचा निरोप रात्री आला, मांडव्याच्या लाँचा पावसामुळे बंद होत्या, आणि आम्ही वडखळ नाक्यावरून रस्त्याने गेलो. दाता कोण होता हे सांगत नाहीत. तो मुलगा आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकतो. त्या डोळ्याने चष्मा लावून मोठी अक्षरे वाचतो. वसतिगृहात दिवाळीच्या सुटीनंतर परतलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे त्याच संध्याकाळी विजेरीच्या उजेडात पाहिले जातात, आणि लाल डोळ्याचे मूल दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.ने डॉक्टरांकडे जाते.